इंग्रजी साहित्याच्या निबंधातला परिच्छेद कसा बांधायचा?

निळी वही :

नमस्कार मंडळी. इंग्रजी साहित्य घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वाचन मनापासून करते, वर्गातल्या चर्चेत बोलतेही, पण तेच कागदावर उतरवायला बसले की सगळं सपाट होऊन जातं. परवा शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ' नाटकावरचा निबंध तपासून परत मिळाला. विषय होता लेडी मॅक्बेथ, म्हणजे राजाच्या खुनासाठी नवऱ्याला भरीस घालणारी मॅक्बेथची बायको, आणि तिची अपराधाची जाणीव. समासात तीन ठिकाणी लाल शाईत एकच शेरा : "बरं, मग?" आणि शेवटच्या पानावर : "मुद्दे आहेत, पण परिच्छेद बांधलेले नाहीत."

परिच्छेदाचं सूत्र मला पाठ आहे. पॉइंट (मुद्दा), एव्हिडन्स (पुरावा), एक्स्प्लनेशन (स्पष्टीकरण), लिंक (जोड). आद्याक्षरं जोडून 'पील'. मी ते पाळलं होतं, म्हणून जास्तच वाईट वाटलं. ज्या परिच्छेदावर शेरा आहे तो खाली देते. मूळ अर्थातच इंग्रजीत आहे, इथे वाचायला सोपं जावं म्हणून मराठीत उतरवला आहे.

"लेडी मॅक्बेथला अपराधाची टोचणी लागते. पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात ती झोपेत चालते. डॉक्टर आणि दासी तिच्याकडे बघत असतात. ती हात चोळत राहते आणि म्हणते, 'आउट, डॅम्ड स्पॉट!' यावरून तिला अपराधी वाटतं हे दिसतं. शेक्सपिअरने इथे रक्ताची प्रतिमा अतिशय परिणामकारकपणे वापरली आहे. राजा पहिल्या जेम्सच्या काळात राजहत्या हे महापाप मानलं जाई. अशा प्रकारे लेडी मॅक्बेथला अपराधाची टोचणी लागते."

यात नेमकं काय चुकतंय? कुणी वाक्यावाक्यावर बोट ठेवून सांगितलं तर फार उपकार होतील.

तळटीप :

वाचतोय. माझ्या वहीतही असेच शेरे असतात, फक्त शब्द वेगळे : "कथानक नको."

अर्धविराम :

बोट ठेवूनच सांगतो. बरीच वर्षं असे निबंध तपासतो आहे, आणि हा परिच्छेद कामचुकार मुलीचा नाही हे पहिल्याच वाचनात कळतं. जे शिकवलं ते तू केलंस. म्हणूनच जरा खोलात जाऊन सांगावंसं वाटतं.

पहिलं वाक्य बघ. लेडी मॅक्बेथला अपराधाची टोचणी लागते. हे नाकारणारा एक तरी वाचक तुला भेटेल का? नाटक एकदा पाहिलेला माणूसही लगेच मान डोलावेल. ज्यावर दुमत होऊच शकत नाही ते सिद्ध करायला तू आठ वाक्यं खर्च केलीस आणि शेवटी फिरून त्याच जागी आलीस. तुझं पहिलं आणि आठवं वाक्य जवळजवळ शब्दशः एक आहे. याचा अर्थ मधल्या सहा वाक्यांत विचार जागचा हलला नाही.

दुसरं, तिसरं आणि अर्धं चौथं वाक्य म्हणजे गोष्ट. वाचणाऱ्याने नाटक वाचलेलं असतं. अवतरण कुठलं आहे हे कळेल एवढाच प्रसंग सांगायचा. 'झोपेत चालताना' एवढे दोन शब्दही पुरतात.

आता मुख्य जागा. अवतरण दिलंस आणि लगेच 'यावरून दिसतं'. कशावरून? कुठल्या शब्दावरून? परिच्छेदाचा जीव अवतरणानंतरच्या चार-पाच वाक्यांत असतो आणि नेमकी तीच जागा तू ओलांडून गेलीस. तुझ्याच अवतरणात तीन शब्द आहेत, ते एकेक करून हातात घे. 'आउट' ही आज्ञा आहे. डागाला ती हुकूम सोडते. हुकूम सोडणं तिच्या अंगवळणी आहे : खुनाच्या रात्री नवरा गळाठला तेव्हा 'गिव्ह मी द डॅगर्स' म्हणून तिनेच खंजीर मागून घेतले होते. तेव्हा तिचं ऐकलं गेलं. आता डाग ऐकत नाही. पुढे 'डॅम्ड'. हा शब्द शिवीसारखा कानावर पडतो, पण त्याचा शब्दशः अर्थ नरकाची शिक्षा झालेला असा आहे, आणि दोनच वाक्यांनी ती 'हेल इज मर्की' म्हणते. म्हणजे नरक तिच्या डोळ्यांपुढे आहे. आणि 'स्पॉट'. रक्ताचा पूर उरलेला नाही, एक ठिपका उरला आहे. एवढंसं काहीतरी जात नाही याची ती भीती आहे. बघ, एका ओळीत किती ऐवज होता.

'अतिशय परिणामकारकपणे' हे शब्द खोडून टाक. त्यांनी शेक्सपिअरला प्रशस्तिपत्र मिळतं, वाचकाला काही मिळत नाही. परिणाम कुणावर, कसला, कोणत्या शब्दाने, हे सांगितलंस की 'परिणामकारक' म्हणायची गरजच पडत नाही.

एक काम देतो. दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश उघड. खून झाल्यावर लगेच ती नवऱ्याला रक्ताळलेल्या हातांबद्दल काय सांगते ते वाक्य वहीत उतरव. त्याच्या खाली झोपेतल्या प्रवेशातलं तुला लागलेलं एक वाक्य लिही. दोन्हींत सारखं काय आहे आणि बदललं काय, एवढंच मला सांग. सूत्र तूर्त बाजूला ठेव.

संध्यामेघ :

सर, विश्लेषण पटलं, पण सूत्र बाजूला ठेवण्याबद्दल थोडं बोलायचं आहे. मी शाळेतल्या मुलांना शिकवते. ज्या मुलाला घड्याळ लावून उत्तर लिहायचं आहे, ज्याची पहिली भाषा इंग्रजी नाही, तो सूत्राशिवाय बसला तर पहिल्या ओळीपासून गोष्ट सांगत सुटतो. 'पील' शिकवल्यावर निदान प्रत्येक परिच्छेदात एक अवतरण येतं आणि त्यावर एक तरी वाक्य येतं. माझ्या मुलांसाठी ती काठी आहे. काठी काढून घेऊन चाल म्हणायला माझा जीव होत नाही.

अर्धविराम :

संध्यामेघ ताई, काठीचं म्हणणं मान्य आहे. काढून घेऊ नका. माझी तक्रार सूत्रातल्या प्रमाणाबद्दल आहे. चार अक्षरं एकाच उंचीची दिसतात, म्हणून मुलं चारही भागांना एकेक वाक्य देतात. वास्तविक परिच्छेदाचा निम्मा भाग तरी तिसऱ्या अक्षराचा हवा. मुलांना सांगताना 'एक्स्प्लनेशन' हा शब्द फळ्यावर सगळ्यांत मोठा लिहून बघा.

आणि एक जुनी गोष्ट, कारण ती फार कमी ठिकाणी सांगितली जाते. परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात विषय यावा हा नियम पाठ्यपुस्तकांत रुजला तो मुख्यतः अलेक्झांडर बेन या स्कॉटिश प्राध्यापकामुळे. १८६६ साली त्याने इंग्रजी लेखनावरचं जे पुस्तक लिहिलं त्यात परिच्छेदाचे नियम घालून दिले. पण बेनने स्वतः सवलत ठेवली होती : पहिलं वाक्य उघडउघड तयारीचं असेल तर त्यात विषय आला नाही तरी चालेल. नियम सगळीकडे पोचला, सवलत मागे राहिली. त्यामुळे कसलेला समीक्षक एखादा प्रश्न विचारून किंवा एखादी ओळ समोर ठेवून परिच्छेद सुरू करतो आणि दावा तिसऱ्या वाक्यात आणतो, ते वाचून विद्यार्थी गोंधळतात. ते चुकीचं नाही. फक्त तिसऱ्या वाक्यापर्यंत वाचकाला धरून ठेवायचं बळ त्या ओळीत असावं लागतं. परीक्षेत मी विद्यार्थ्याला दावा आधीच मांडायला सांगतो.

निळी वही :

सर, तुम्ही सांगितलेलं करून बघितलं. काल रात्री दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहिली आणि किती तरी वेळ नुसती बघत बसले.

दुसरा अंक : 'अ लिटल वॉटर क्लिअर्स अस ऑफ धिस डीड.'
पाचवा अंक : 'ऑल द परफ्यूम्स ऑफ अरेबिया विल नॉट स्वीटन धिस लिटल हँड.'

'लिटल' दोन्हीकडे आहे! आधी पाणी 'लिटल' आहे, नंतर हात. हे नाटक मी चार वेळा वाचलं आहे आणि हा शब्द मला कधी दिसला नाही. शिवाय आधी 'अस' आहे, म्हणजे दोघं. नंतर एकच हात. नवरा कुठेच नाही. आणि पाणी जाऊन अत्तर आलं आहे. अजून एक : आधी ती पद्यात बोलत होती, झोपेत गद्यात बोलते. आता हे सगळं एका परिच्छेदात कसं बसवू?

अर्धविराम :

शाब्बास! हे तुझं तू शोधलंस, आता ते कुणी हिरावून घेणार नाही.

सगळं एकात बसवू नकोस. पाणी, अत्तर आणि 'लिटल' यांचा एक परिच्छेद होतो, कारण तिघांचं बोलणं एकच आहे : मापाबद्दल. 'अस'पासून एकट्या हातापर्यंतचा प्रवास हा नवरा-बायको दुरावण्याचा मुद्दा आहे, त्याला वेगळी जागा दे. गद्य-पद्य तिसरा. आवडलेली गोष्ट पुढच्या परिच्छेदासाठी राखून ठेवायला जड जातं, पण एका परिच्छेदात दोन दावे शिरले की दोन्ही अर्धपोटी राहतात.

आणि लिहिताना पहिलं वाक्य शेवटी लिही. आधी शब्दांवरची तीन-चार वाक्यं लिहून काढ. ती वाचून स्वतःला विचार, यातून मला काय म्हणायचं आहे? जे उत्तर येईल ते वर नेऊन ठेव.

रानवाट :

धागा फार सुंदर चालला आहे. जेम्स राजाच्या वाक्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते, कारण 'संदर्भ कुठे घालायचा' या प्रश्नाने मला एके काळी पार रडवलं होतं. माझ्या निबंधात संदर्भाचं वाक्य असंच मधेच येऊन बसायचं, ओळख ना देख. काढून टाकलं तरी कुणाला कळलं नसतं. निळी वही, तुझं वाक्य झाकून परिच्छेद परत वाच. काही बिघडतं का?

मला हे उमगलं ते वर्ड्‌सवर्थच्या डॅफोडिल्सच्या कवितेवर लिहिताना. सगळे लिहितात तसं मीही लिहिलं होतं की कवीला निसर्गाची ओढ होती. मग डॉरोथीची, म्हणजे त्याच्या बहिणीची, रोजनिशी हाती आली. १५ एप्रिल १८०२ ची नोंद. दोघं बरोबर चालत होते आणि ती फुलं दोघांनी पाहिली. फुलं नाचत होती असं डॉरोथीनेही लिहिलं आहे. आणि कविता सुरू होते ती 'लोनली' या शब्दाच्या सोबतीने! म्हणजे प्रत्यक्षात सोबत होती, कवितेने ती काढून घेतली. का? तर शेवटच्या कडव्यात 'ब्लिस ऑफ सॉलिट्यूड' येतं. सुरुवातीचं एकटेपण शेवटी एकांत होतं, आणि एकांतात आनंद आहे. तो प्रवास दाखवायला सुरुवातीला माणूस एकटा असणं भाग होतं. आता इथे रोजनिशीचं वाक्य काढून बघ, परिच्छेद कोसळतो. संदर्भ असा हवा, अवतरणातल्या एखाद्या शब्दाला येऊन भिडलेला.

जाता जाता, मला अतिशय आवडणारी गोष्ट : ही कविता १८०७ मध्ये छापली तेव्हा तीन कडव्यांची होती, १८१५ मध्ये वर्ड्‌सवर्थने एक कडवं वाढवलं. त्या चार कडव्यांच्या रूपात 'डान्स' हा शब्द या ना त्या रूपात प्रत्येक कडव्यात येतो. फुलं नाचतात, लाटा नाचतात, आणि शेवटी नाचतं ते कवीचं काळीज. नुसता तो एक शब्द धरून अख्खा परिच्छेद उभा राहतो.

कोरा कागद :

कविता-नाटकाचं समजलं. पण चारशे पानांच्या कादंबरीवर लिहिताना एका शब्दावर कसं थांबणार? मला तर पुरावा निवडतानाच वेळ जातो, आणि मग चार-चार ओळींची अवतरणं उतरवली जातात.

अर्धविराम :

पुरावा म्हणजे अवतरणच असं नाही. रचना हाही पुरावा आहे. 'फ्रँकेन्स्टाइन' घे, १८१८ ची कादंबरी. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनने निर्माण केलेल्या जिवाची कहाणी आपण त्या जिवाच्याच तोंडून ऐकतो, पण ती तो व्हिक्टरला सांगतो आहे, व्हिक्टर ती वॉल्टन नावाच्या दर्यावर्दी संशोधकाला सांगतो आहे आणि वॉल्टन बहिणीला पत्रात लिहितो आहे. तीन हातांतून आलेली गोष्ट. ज्याचं कुणीच ऐकून घेत नाही, त्याचा आवाज वाचकापर्यंत पोचायला इतरांच्या मेहेरबानीवर अवलंबून आहे. या परिच्छेदाला एकही लांब अवतरण लागत नाही, पण पुरावा पक्का आहे.

आणि लांब अवतरणांबद्दल : जेवढ्या शब्दांवर तू बोलणार आहेस तेवढेच घे आणि ते तुझ्या वाक्यात ओवून टाक. चार ओळी उतरवल्यास आणि त्यातल्या एकाच शब्दाबद्दल बोललास, तर बाकीचे शब्द वाचकाकडे बघत उभे राहतात. अवतरणाचं स्वतंत्र वाक्य करून 'हे अवतरण असं दाखवतं की' अशी सुरुवात केली की परिच्छेदाला गचका बसतो.

तळटीप :

माझा प्रश्न पुढचा. परिच्छेद एकेकटे नीट झाले, पण एकातून दुसऱ्यात जाताना 'फर्दरमोअर', 'मोअरओव्हर', 'इन अ‍ॅडिशन' यांच्यापलीकडे मला काही सुचत नाही.

संध्यामेघ :

याला मी मुलांकडून एक प्रयोग करून घेते आणि तो मोठ्यांनाही लागू पडतो. प्रत्येक परिच्छेदाचा दावा मराठीत एका वाक्यात लिहायचा, सगळे एकाखाली एक. मग दोन वाक्यांच्या मध्ये 'आणि', 'पण', 'म्हणूनच', 'तरीही' यांतला कुठला शब्द बसतो ते मोठ्याने म्हणून बघायचं. आपल्या भाषेत कान फसत नाही. 'म्हणूनच' चुकीच्या जागी आलं की लगेच खटकतं, तेच 'देअरफोर' आपण डोळे मिटून कुठेही लिहून जातो.

सगळीकडे 'आणि'च बसत असेल, तर हाती यादी आहे, युक्तिवाद नाही. तेव्हा जोडशब्द बदलून उपयोग नसतो, क्रम बदलावा लागतो. कधी एखादा परिच्छेद काढूनच टाकावा लागतो. मीही लेख लिहिताना असे परिच्छेद काढले आहेत आणि लेख सुधारला आहे.

तळटीप :

माझ्या ताज्या निबंधात पाचही जागी 'आणि' बसलं. आज रात्री क्रम लावायला बसतो. मनापासून आभार, ताई.

निळी वही :

सर, ताई, रानवाट, सगळ्यांना वाचून दाखवावासा वाटतोय. परिच्छेद पुन्हा लिहिला. इंग्रजीत आधी लिहिला, हा त्याचा मराठी उतारा.

"खुनानंतर लेडी मॅक्बेथ अपराधाला लहान करून दाखवते, झोपेत तोच लहानपणा तिच्यावर उलटतो. 'अ लिटल वॉटर' पुरेल असं ती नवऱ्याला बजावते तेव्हा 'लिटल' हा शब्द कृत्याचंच माप काढतो : जे ओंजळभर पाण्याने जातं ते मोठं पाप असूच शकत नाही. झोपेत चालताना हा शब्द तिच्या तोंडी परत येतो, पण पाण्याला सोडून तो हाताला चिकटलेला असतो. 'धिस लिटल हँड' सुवासिक करायला आता 'ऑल द परफ्यूम्स ऑफ अरेबिया' पुरत नाहीत. हात तेवढाच इवलासा राहिला आणि त्याला लागणारा उपाय ओंजळीतून एका देशाएवढा झाला. शिवाय पाणी डाग काढतं, अत्तर नुसता वास झाकतं. अत्तराचं नाव काढताना धुऊन निघण्याची आशा तिने सोडलेली आहे. समुद्रदेव नेपच्यूनचा सगळा समुद्रही आपला हात धुऊ शकणार नाही हे मॅक्बेथला त्याच रात्री कळलं होतं. ती तिथे पोचते, पण झोपेत, आणि ऐकायला तो जवळ नसताना. यावरून अपराधाचं ओझं किती मोठं असतं ते दिसून येतं."

अर्धविराम :

दोनदा वाचला. अत्तर वास झाकतं हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं, पुढच्या वर्गात ते मी सांगणार आहे.

दोनच गोष्टी. 'एका देशाएवढा' बरोबर आहे, पण 'ऑल' या शब्दाचा तिथे उल्लेख कर. 'लिटल'च्या विरुद्ध पारड्यात तोच तर बसला आहे. आणि शेवटचं वाक्य झाकून परिच्छेद पुन्हा वाच.

निळी वही :

झाकून वाचलं. 'तो जवळ नसताना' इथेच संपतोय तो. शेवटचं वाक्य खोडलं, 'ऑल' घातला.

पुढचा परिच्छेद नवरा-बायकोच्या दुराव्याचाच घेते, कारण मध्ये 'म्हणूनच' बसतंय. गद्याचा त्यानंतर. तिथे अजून अडले आहे, 'पण' की 'तरीही' ते ठरत नाहीये. लिहून झाला की इथेच टाकते.